विझवलेली चूल

१८ सप्टेंबर २०१६, रविवार

पोचलो एकदाचा. आणि राहायला काय मिळालं, तर किल्ला! समुद्रातले किल्ले लहानपणापासून पाहिलेत, पण वाळवंटात, तोही गोऱ्या साहेबाचा, दगडी, टोकदार मनोऱ्यांचा? सादियाला फोटो पाठवला तर म्हणाली, खोटं बोलू नकोस, हा कुठल्या तरी सिनेमाचा सेट आहे.

ही वहीही तिनेच दिलेली. निघताना म्हणाली होती, राग आला की माणसांवर काढू नकोस, हिच्यात काढ. दीड वर्ष कोरीच राहिली. रियाधमध्ये अल मलाझच्या मोबाइलच्या दुकानात वही काढायला सवड नव्हती आणि राग काढायला गिऱ्हाइकं भरपूर होती. आता मोबाइलच्या दुकानात सौदी माणसानेच बसायचं, असा कायदा झालाय. मालक म्हणाला, खलास. मी हातातला पेचकस काउंटरवर आपटला, काच तडकली, शेवटच्या पगारातून तिचे पैसे कापले गेले. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षात परीक्षेतून उठून गेलो होतो तेव्हा अब्बा म्हणाले होते, तुझं डोकं तुला जेवू घालणार नाही. बरोबरच म्हणाले असतील. पण त्या दिवशी माझ्या सादियाला बघायला दुसऱ्या मुलाकडचे पाहुणे आले होते आणि मी बसून रसायनशास्त्राचा पेपर लिहायचा?

असो. रियाधच्या कादिरमामूंनी ही जागा शोधून दिली. हफ्र अल बातिनपासून तासाभरावर अबू नाएफचा मजरा, म्हणजे मेंढ्यांची वाडी, आणि मधोमध हा किल्ला. मी इथला हारिस, राखणदार.

अबू नाएफ माणूस हौशी. ॲबर्डीनला शिकलेला, इंग्रजी फाडफाड. स्वतः हिंडवून सगळं दाखवलं. किल्ला खराच स्कॉटलंडचा. तिथल्या डोंगरात एका तळ्याकाठी होता. भोवती मोठी जहागीर, जहागिरीत कुळांची घरं, ओटची शेतं, गाई. पुढे लोकरीला भाव आला. माणसांपेक्षा मेंढ्या जास्त पैसे देतात हे जहागीरदाराच्या ध्यानात आलं आणि त्याने सगळी कुळं हाकलून दिली. घरं पाडली, मेंढ्या सोडल्या. नंतरच्या वारसांनी पिऊन पिऊन जहागीर फुंकली, किल्ल्याचं छत कोसळलं. अबू नाएफने शिकत असताना सहलीत तो पाहिला होता. पुढे तेलाचा पैसा आला तेव्हा दगडन् दगड विकत घेतला. प्रत्येकावर लाल रंगाने आकडा टाकून जहाजाने दम्मामला आणला आणि ट्रेलरवरून इथे. दगड कमी पडले म्हणून कुळांच्या पडक्या घरांचेही उचलून आणले. आकडे अजून दिसतात भिंतींवर.

सगळ्यात भारी गोष्ट अशी की बाहेर त्रेचाळीस डिग्री आणि आत एसी नसताना स्वेटर घालावासा वाटतो. फुकटची थंडी. मी तर दिवाणखान्यातल्या भल्यामोठ्या चुलाण्यासमोरच अंथरूण टाकलं.

२१ सप्टेंबर, बुधवार

इथे माझ्याशिवाय तिघं आहेत. दोन बंगाली पोरं, मेंढ्यांमागे असतात, आणि खुर्शीद. खुर्शीद बिहारचा, म्हातारा, माझ्या जन्माआधीपासून इथेच. किल्ल्याचे दगड उतरवून घ्यायलाही होता म्हणे. किल्ल्यात कधी झोपला नाही. मागच्या पत्र्याच्या खोलीत राहतो, दारात दगडी चूल. रात्री निखारे राखेने झाकतो, पहाटे राख सारून फुंकतो, की झाली सुरू. काडी ओढताना मी त्याला अजून पाहिलं नाही. गॅस असताना हा उद्योग कशाला, असं विचारलं तर म्हणाला, आदत है.

माझी फिरकी घेण्यात त्याला फार मजा येते. मला किलासाहब म्हणतो. आज रोटी वाढताना म्हणाला, कॉलेज छोड़ा, दुकान छूटी, अब लड़की मत छोड़ना. बंगाली पोरं खिदळली. माझं डोकं फिरलं होतं, पण रोटी गरम होती.

नेटवर्क फक्त किल्ल्याच्या गच्चीवर येतं. संध्याकाळी सादियाशी बोललो. तिच्या अब्बांनी, गफूरचाचांनी, अट घातली आहे: नव्या कफीलच्या, म्हणजे जामीनदार मालकाच्या, नावाचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना दाखव, तरच निकाह. आणि तो मोहरम लागायच्या आत, म्हणजे ३० तारखेच्या शुक्रवारपर्यंत. मोहरमात आमच्याकडे लग्नं करत नाहीत आणि मोहरमानंतर थांबायला ते तयार नाहीत. दम्मामचा एक इंजिनियर टपून बसलाय. मला रजा मिळणार नाही, म्हणजे फोनवरच निकाह. आमच्या गावातल्या निम्म्या लोकांचे तसेच झालेत. प्रश्न फक्त इकाम्याचा आहे, आणि तो अबू नाएफच्या हातात.

सादिया म्हणाली, भांडू नकोस हं कुणाशी. नाही भांडत. तिच्यासाठी मी काहीही करीन.

२६ सप्टेंबर, सोमवार

अबू नाएफ आला होता. किल्ल्याचं हॉटेल करणार आहे. सौदीकरणाच्या नियमाने पुढल्या महिन्यापासून इथे त्याच्या देशाची पोरं लागणार. जुन्या परदेशी माणसांचे कागद काढत बसायची त्याची तयारी नाही. तिघांच्या पासपोर्टवर खुरूजचा शिक्का मारून आणलाय, म्हणजे गेला तो कायमचा. उद्या गाडी येईल. मला बाजूला घेऊन म्हणाला, आवाज न होता हे तू निस्तर, गुरुवारी तुझा इकामा माझ्या नावावर. आणि हारिस नाही, सुपरवायझर लिहितो.

मीच का, असं मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का? खुर्शीद काय माझा चाचा लागतो?

२७ सप्टेंबर, मंगळवार

झालं.

बंगाली पोरं मुकाट्याने पिशव्या घेऊन गाडीत बसली. खुर्शीद नाही. म्हणे मेंढ्या गाभण आहेत, व्यायल्या की मी आपण होऊन जातो, आठ-दहा दिवस दे. मी म्हटलं, माझ्याकडे शुक्रवारपर्यंतचाच वेळ आहे. तर हसला. म्हणाला, तो शादी करके आओ, मैं बकरा काटूँगा. मग चुलीपुढे बसून वाटेसाठी रोट्या शेकायला लागला. अगदी निवांत. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, वर ऊन, आणि हा पीठ मळतोय.

माझं डोकं गेलं. मेंढ्यांच्या पाण्याची बादली उचलली आणि चुलीवर ओतली.

फस्सकन वाफ उठली. खुर्शीद माझ्याकडे नाही, चुलीकडे बघत राहिला. म्हणाला, "बेटा, आग पे पानी नहीं डालते. राख से ढाँकते हैं." पिठाचे हात तसेच घेऊन उठला आणि गाडीत जाऊन बसला.

अम्मीही हेच सांगते. वैऱ्याच्याही पेटत्या चुलीवर पाणी ओतू नये, अवदसा येते. पण ही बायकांची बोलणी. काम झालं. मी कुणाला मारलं नाही, शिवी दिली नाही. सादिया, वहीत राग काढ म्हणालीस, काढला.

चुलीतला मधला सपाट दगड पाणी पडल्यावर स्वच्छ झाला. त्यावर लाल आकडा आहे.

२९ सप्टेंबर, गुरुवार

इकामा मिळाला! माझा फोटो, अबू नाएफचं नाव. गफूरचाचांना पाठवला. उद्या जुम्याच्या नमाजनंतर निकाह.

चहा करायला गेलो तर गॅस पेटेना. सिलिंडर भरलेला. लायटर विझतो, काडी विझते. वारा नाही. जाऊ दे, उद्या कोण चहा पिणार आहे!

३० सप्टेंबर, शुक्रवार

कबूल. कबूल. कबूल.

आमच्या मशिदीत काझी, तिकडे माझ्या वतीने वकील म्हणून थोरले मामू, आणि इकडे मी गच्चीवर, अंगात इस्त्रीचा शर्ट, कानाला फोन. सादियाचा आवाज ऐकू आला नाही, तो काझींनी आधी तिच्या घरी जाऊन ऐकला. पण नंतर तिने फोन घेतला आणि नुसती हसत राहिली. मग म्हणाली, आता तुमचं घर ते माझं घर. मला तुम्ही म्हणाली! मला रडू आलं. कुणी बघायला नव्हतं म्हणून रडून घेतलं.

कुणी बघायला नव्हतं असं मला वाटत होतं. डोळे पुसून पाहिलं तर लांब, रस्त्याच्या बाजूला, वाळूत माणसं बसलेली होती. बायका, पोरं, गाठोडी. बदूंचा, वाळवंटातल्या भटक्यांचा, तांडा असेल म्हटलं. पण उंट नाही, गाडी नाही, तंबू नाही. सगळ्यांची तोंडं किल्ल्याकडे.

३ ऑक्टोबर, सोमवार

पेटतच नाही. हफ्रहून नवा गॅस आणवला, नवा लायटर. माझ्या हातात आग राहत नाही. ड्रायव्हरने स्वतः बर्नर पेटवून दाखवला, छान निळी ज्योत. मी पातेलं घेऊन उंबरठ्यातून आत आलो आणि ज्योत बसली. तो हसला, म्हणाला, तुझ्यावर जिन खूश आहे. परत जाताना मात्र हसला नाही आणि मागेही पाहिलं नाही.

चार दिवस खजूर आणि गार खबूस, इथली रोटी. थंडी वाढली आहे. आता स्वेटरने भागत नाही. भर दुपारी बाहेर उन्हात जाऊन उभा राहिलो, कातडी भाजली, हाडं गारच.

मेंढ्या चरत नाहीत. सगळ्या किल्ल्याच्या दाराकडे तोंड करून उभ्या असतात.

आणि ती माणसं. दुपारी मृगजळ हलायला लागलं की दिसतात. आधी वाटलं मृगजळातच आहेत म्हणून पाण्यात उभी दिसतात. नाही. ती भिजलेली आहेत. कपड्यांतून पाणी ठिबकतं आणि वाळूत जिरतं. आज कुंपणाच्या आत होती.

मी दगड मारले. ओरडलो, यल्ला, निघा. कुणी हललं नाही. एक म्हातारी सगळ्यांच्या पुढे. तिचे हात पांढरे, कोपरापर्यंत. पिठाचे.

५ ऑक्टोबर, बुधवार

अबू नाएफ चार पाहुण्यांना किल्ला दाखवायला घेऊन आला. कहवा त्यांनी थर्मासमधून आणलेला, म्हणून वाचलो. मी कप भरत होतो आणि तो त्यांना इंग्रजीत किल्ल्याची गोष्ट सांगत होता. मला सांगितली तीच, फक्त शेवटासकट.

जहागीरदाराने कुळं स्वतः हाकलली नाहीत. त्यासाठी एक कारभारी ठेवला होता. बाहेरगावचा, तरणा, तापट. त्याला सांगितलं, थंडीच्या आत जहागीर रिकामी कर, तुला घर देतो आणि लग्नाची परवानगी देतो. त्याने केली. एक म्हातारी चुलीपुढून उठेना, तर त्याने दुधाची बादली तिच्या चुलीवर ओतली. ती पावसात निघाली, तिच्यामागून बाकीचे. बरेचसे वाटेतच मेले.

कारभाऱ्याचं लग्न झालं. त्या दिवसापासून त्याच्या घरात आग टिकेना. शेजाऱ्यांनी निखारे आणले, ते उंबरठ्यावर विझायचे. मग कुळं दारात यायला लागली. भिजलेली. काही करत नसत, फक्त विस्तव मागत. त्याच्याकडे नाही, त्याच्या बायकोकडे, कारण घरची आग बाईची. ती बिचारी परक्या मुलखातली पोर. दया येऊन तिने एकीला आत घेतलं. ऐन जूनमध्ये ती बायकोच अंथरुणात मेलेली सापडली, पापण्यांवर हिव गोठलेलं.

आणि कारभारी, असं एका पाहुण्याने विचारलं. अबू नाएफ म्हणाला, त्याचं काय झालं ते लक्षात ठेवायची कुणाला गरज वाटली नाही.

दुसरा पाहुणा म्हणाला, ही भुतं इथे येतील कशी, व्हिसा कोण देईल त्यांना? अबू नाएफ म्हणाला, "दगड माझ्या कफालतवर आलेत, तीही आली असतील." सगळे पोट धरून हसले.

माझ्या हातातला कप पडला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. दारातली म्हातारी त्यांच्यातल्या कुणालाच दिसत नव्हती.

६ ऑक्टोबर, गुरुवार

चूल पुन्हा पेटवतो. तेवढंच करायचं आहे.

इथल्या उन्हात ओला टॉवेल डोळ्यांदेखत वाळतो. चुलीतली राख अजून ओलीच आहे. खाली हात घातला तर थंडगार चिखल.

पेट्रोल ओतलं. पेट्रोलही पेटलं नाही.

खुर्शीदचा गावाकडचा नंबर बंगाल्यांपैकी एकाकडून मिळवला. लागला. मी माफी मागितली. म्हटलं, तुमची आग परत कशी पेटवायची सांगा. माझे दात वाजत होते ते त्याला ऐकू गेले असतील. मग म्हणाला, "मेरी कहाँ थी बेटा. जहाज से पत्थर उतारा तो गरम था. मैंने तो बस बुझने नहीं दी."

मग विचारलं, शादी हो गई?

हो म्हटलं. त्याने फोन ठेवला. पुन्हा लागत नाही.

८ ऑक्टोबर, शनिवार

दिवाणखान्यात आहेत आता. भिंतीला टेकून. हात लावत नाहीत. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. मी शिव्या दिल्या, काठी फिरवली, काठी ओली होऊन परत आली. माझ्यावर राग असेल तर मला मारा ना. मला काय करायचं ते करा म्हटलं.

मी त्यांच्या कामाचाच नाही.

सादियाचा फोन. हसत होती. म्हणे सकाळपासून आमचा गॅस पेटत नाही, अम्मीने चूल मांडली तर तीही पेटेना, अब्बा चिडलेत, शेजारून जेवण आलं. म्हणाली, तुमचा पायगुण.

मी विचारलं, थंडी वाजते का. ती म्हणाली, ऑक्टोबरात? इथे घामाच्या धारा लागल्यात. मग म्हणाली, पण हो, कालपासून जरा —

९ ऑक्टोबर

दिवाणखाना रिकामा. सगळी गेली. एकही नाही. मेंढ्या चरतायत.

आनंद व्हायला हवा. कुठे गेली ते मला माहीत आहे.

गच्चीवरून दिवसभर फोन लावला. गफूरचाचांनी घेतला. म्हणाले, जावईबापू, काय घाई आहे. मी म्हटलं, तिला दुसऱ्या घरी पाठवा, तिच्या आपाकडे पाठवा, दारात कुणी विस्तव मागायला आलं तर उघडू नका. ते म्हणाले, डोक्यात राख घालून घेतोस आणि मग काहीही बोलतोस. तुझ्याबद्दल ऐकलं होतं ते खरंच.

१० ऑक्टोबर

सादियाचा आवाजातला मेसेज. पुन्हा पुन्हा ऐकला.

म्हणते, मागच्या दाराला एक बाई आली आहे. म्हातारी. भाषा कळत नाही पण हाताने खूण करते, विस्तव दे. पाऊस केव्हाच गेला आणि ही नखशिखांत भिजलेली. हात पिठाने पांढरे. कुणाच्या तरी घरचं काम टाकून आली असेल बिचारी. अम्मी झोपली आहे. तुम्हाला भांडू नका म्हणते ना, म्हणून मीही भांडले नाही, पण दारही उघडलं नाही अजून. काय करू सांगा, फार कुडकुडते हो.

अजून उघडलेलं नाही.

सादिया माझं घर आहे म्हणून तिथे गेलीत ती माणसं. माझी बायको नसेल तर माझं घर नाही. घर नाही तर दार नाही. रुखसती, पाठवणी, झालेली नाही, एकदा तलाक म्हटलं तरी पुरे. मग दम्मामवाला — असू दे. गरम राहील.

फोन लागला. तिने घेतला. हॅलो, हॅलो म्हणत होती. माझा जबडा — दात एकमेकांवर — शब्द निघेना. आयुष्यभर तोंडाला लगाम नव्हता माझ्या आणि आज एक शब्द —

तिला वाटलं रेंज नाही. म्हणाली, थांबा, तिला आधी आत बसवते आणि मग —

लिहून पाठवतो. इथेच लिहितो, फोटो काढतो, पाठवतो. लिहिलेलंही चालतं. पेन चालत नाही, पेन्सिल आहे. बोटं —

सादिया. दार उघडू नकोस. हे आधी वाच.

मी, तल्हा, पूर्ण शुद्धीवर, तुला